बाबांच्या ढोलकीवर कंपनीचा दावा

मंडळी, आज सकाळीच डोकं फिरलं.

इंदूरची मिल बंद झाली तेव्हा बाबा आणि त्यांचे सोबती गेटसमोर धरण्यावर बसून भजनं म्हणायचे. त्याची कॅसेट घरी होती. मी स्वतः प्रोग्राम लिहून तिची खरखर काढली आणि काल त्यातलं एक भजन एका साइटवर माझ्या अकाउंटवरून अपलोड केलं. आज कुठल्याशा म्युझिक कंपनीने कॉपीराइटचा दावा करून ते हटवलं.

आमच्या टेक ग्रुपवर सगळे इंदुरी थाटात म्हणाले, "छोडो ना भिया, वाद घातला तर अकाउंट ब्लॉक होईल."

मी बाबांना सांगितलं. ते ताडकन म्हणाले, "लिही, ढोलक मी वाजवली आहे. भजन बापजाद्यांचं, कंपनीचं कुठून झालं?"

तसंच लिहून साइटला हरकत पाठवली. अकाउंट गेलं तर जाऊ दे.

तुम्ही गप्प बसला असता?