खरखर कोणाची

चूक माझीच होती. आदिलाबादच्या घरी मी पगाराला न शोभणारे स्पीकर आणले आणि काटकसर म्हणून त्यांना एक किरकोळ अ‍ॅम्प्लिफायर जोडला. आवाज वाढवला की खरखर यायची आणि मी गाणं मध्येच बंद करायचो. माझ्या तज्ज्ञ कानांनी लगेच गुन्हेगार शोधला: खिडकीखाली रोज भाजीची हाळी देत बसणारी भीमपूरची भाजीवाली.

ती मेथीवर पाणी शिंपडत मान डोलवायची. एकदा म्हणाली, "भाऊ, रोज तेवढाच तुकडा काऊन लावता? गानं पुरं होऊ द्या ना!"

"तुझ्या ओरडण्यानंच सारं बिघडून राह्यलं. ऊठ इथून," मी म्हणालो.

ती टोपली उचलून गेली. खरखर मात्र राहिली.

ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर जोडल्यावर खरखर थांबली. मग मी बाजारात भाजीवालीला शोधून काढलं.

"बाई, माह्यं चुकलं. तुमच्या जागेवर येऊन बसा. आज गानं पुरं लावतो."