घर नंबर नऊचं वजन

मृण्मयी गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि मी स्वयंपाकघरात कचऱ्याच्या झडपेपाशी उभी होते. इथे परदेशात, क्लेमेंटी भागातल्या आमच्या जुन्या इमारतीत प्रत्येक स्वयंपाकघराच्या भिंतीत अशी एक लोखंडी झडप आहे. ती ओढायची, पिशवी आत सोडायची, की ती सात मजले खाली जाते आणि आपला तिच्याशी संबंध संपतो. फोन मृण्मयीच्या भावाचा होता, अलिबागहून. "काकू, ताई गेली... मेंदूत रक्तस्राव झाला. काल संध्याकाळी." माझ्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात बांधलेली पिशवी. मी काय बोलले ते आठवत नाही. त्याने फोन ठेवल्यावर मी ती पिशवी आत सोडली, हे मात्र पक्कं आठवतं. त्या पिशवीत काय होतं ते पुढे सांगते, कारण माझं सगळं तिथेच अडलं आहे. त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. भाजी निवडायला घेते आणि उठते, देवाजवळ बसते आणि उठते. लिहिताना तरी बसावं लागेल, म्हणून लिहायला घेतलं. चौथीपर्यंतच शाळा झाली माझी, त्यामुळे हे कुणाला दाखवण्यासारखं नाही.

मृण्मयी दोन वर्षं आमच्या घरातल्या लहान खोलीत भाड्याने राहत होती. माझा मुलगा नीलेश चांगी बिझनेस पार्कमध्ये कॉम्प्युटरचं काम करतो. तो आणि सूनबाई केतकी सकाळी साडेसातला बाहेर पडतात ते अंधार पडल्यावर येतात. मला इंग्रजी येत नाही आणि मराठीतही मी फार बोलणारी नाही. लिफ्टमध्ये कुणी हसून काही विचारलं तर मी बोट दाखवून 'सात' सांगायची आणि भिंतीकडे बघायची. मृण्मयी मात्र आल्या दिवशीच ओट्यापाशी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "काकू, मी इथे कचऱ्यावर शिकायला आलेय." मला हसूच आलं. म्हटलं, "त्यासाठी समुद्र ओलांडून यावं लागतं?" तर म्हणाली, "फेकता सगळ्यांना येतं ना, म्हणून कुणी शिकत नाही." तिनेच मला सांगितलं की आमची पिशवी खाली जाऊन संपत नाही. ती भट्टीत जाळतात आणि राख पडावातून समुद्रातल्या एका बेटावर नेऊन टाकतात. ते बेटही कधीतरी भरणार. विलायतेत म्हणे जमिनीत कचरा पुरायचा तर टनामागे कर द्यावा लागतो, त्यामुळे लोक पुरण्याआधी दहा वेळा विचार करतात. इथे पुरायला जमीनच नाही, तर मग घरोघरी कचरा तोलून त्यावर पैसे लावले तर लोक कमी टाकतील का, असा तिचा अभ्यास होता. सरकार त्या दिवसांत नवीन धोरण ठरवत होतं आणि तिला तिचं म्हणणं त्यांच्यासमोर मांडायचं होतं. एकदा वस्तू वापरून ती पुन्हा वापरात आणायची, फिरवत ठेवायची, याला तिच्या पुस्तकात मोठं नाव होतं. मी म्हटलं, "आमच्याकडे त्याला गरिबी म्हणायचे." ती पोट धरून हसली, आणि मग तिने ते वहीत लिहून घेतलं.

अभ्यासासाठी तिने बारा घरं निवडली. आम्ही घर नंबर नऊ. बुधवारी आणि शनिवारी ती एक आकड्याचा काटा घेऊन स्वयंपाकघरात यायची, पिशव्या एकेक करून लटकवायची आणि कोळणीसारखा हात उंचावून ओरडायची, "बघा काकू, आज माल कमी आलाय!" ओला कचरा वेगळा, प्लास्टिक वेगळं, कागद वेगळा. ओल्यातही साली-देठं एकीकडे आणि शिजवलेलं अन्न एकीकडे. पहिल्याच बुधवारी तिने पिशवी उघडली तर वरच नीलेशच्या डब्यातल्या पोळ्या होत्या. मी सकाळी घडी घालून ठेवलेल्या, तशाच. खाली भाजी, तीही न मोडलेली. तिने विचारलं, "काकू, हे काय झालं?" मी म्हटलं, "खराब झालं गं. इथली हवाच तशी." ती लिहीत होती आणि माझा चेहरा तापला होता.

खरं असं होतं की नीलेशचा डबा रोज तसाच परत यायचा. ऑफिसातले सगळे खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांवर, जेवायला जातात, तोही जातो. संध्याकाळी डबा बेसिनमध्ये ठेवताना म्हणायचा, "मीटिंग होती गं आई." मी म्हणायची, "असू दे." नको करूस असं तो म्हणाला नाही, आणि तू खात नाहीस असं मी म्हटलं नाही. मी पाचला उठायची, चार पोळ्या, एक भाजी, कधी वरणाची वाटी. दुसऱ्या दिवशी सगळे गेले की दहा वाजता मी आदल्या दिवशीचा डबा पिशवीत रिकामा करायची. फोन आला तेव्हा हातात होती ती हीच पिशवी. घरात एवढंच एक काम माझं म्हणून होतं. ते कचऱ्यात जातं हे कुणी काट्याला लावून बघावं, कागदावर लिहावं, हे मला सोसणार नव्हतं. म्हणून त्या पहिल्या बुधवारनंतर मी डब्यातलं सगळं वेगळ्या पिशवीत बांधून ती काटा घेऊन यायच्या आधीच झडपेतून सोडून द्यायला लागले. शनिवारी तिने काटा लावला आणि म्हणाली, "वा काकू! शिजवलेलं काहीच नाही!" मी म्हटलं, "आमच्यात अन्न टाकत नाहीत." बोलून गेले. मग तीन महिने मला तेच पाळावं लागलं.

त्याचं पुढे एवढं होईल असं मला वाटलं नव्हतं. तिला तिचं म्हणणं मांडायचं होतं त्या दिवशी ती मला आग्रहाने घेऊन गेली. मोठं सभागृह, सरकारी खात्यातली माणसं, गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे. मी शेवटच्या रांगेत बसले. मध्येच पडद्यावर माझे हात आले, पोळी लाटताना. तिने कधी फोटो काढला कोण जाणे. ती इंग्रजीत काही बोलली आणि सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. काही जणांनी टाळ्या वाजवल्या. परतताना एमआरटीच्या गाडीत मी विचारलं, "काय सांगितलंस माझ्याबद्दल?" म्हणाली, "सांगितलं की ज्या घरात आजी रांधते तिथे अन्न वाया जात नाही. म्हणजे नुसते पैसे लावून भागणार नाही, घरच्या स्वयंपाकालाही धोरणात जागा हवी. काकू, तुम्ही माझा मुख्य मुद्दा आहात!" मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं... पण तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता, आणि मग आमचं स्टेशन आलं.

आठ दिवसांसाठी ती अलिबागला निघाली तेव्हा मी दारात तिच्या हातात बेसनाच्या लाडवांचा डबा दिला. म्हटलं, "आलीस की तुझ्याशी एक बोलायचंय." ती बुटांची नाडी बांधत होती. "आत्ता बोला की." "नको, ये तू." "काकू, भाडं वाढवताय की काय?" म्हणून हसत लिफ्टमध्ये शिरली. तीच शेवटची.

ती गेल्यावर महिन्याभराने तिच्या विद्यापीठातल्या बाई आमच्याकडे आल्या. चिनी, साठीच्या, केस बारीक कापलेले. तिचं काम तिच्याच नावाने छापायचं आहे, म्हणून बाराही घरांकडून आकडे बरोबर असल्याची सही हवी होती. त्यांनी टेबलावर कागद ठेवला. त्यावर मृण्मयीचं अक्षर, किंचित डावीकडे झुकलेलं. शिजवलेल्या अन्नाच्या रकान्यात पहिल्या ओळीत एक आकडा आणि खाली सगळी शून्यं, एकाखाली एक, गोल, नीट काढलेली. नीलेशने पेन पुढे केलं. "आई, इथे."

"त्यांना सांग, हे बरोबर नाही."

"काय बरोबर नाही?"

"ही शून्यं. मी वजनाआधीच काढून टाकत होते."

तो ओशाळून हसला. "काहीतरीच काय, आई. सही कर. एवढ्या लांबून आल्यात त्या."

"आधी सांग त्यांना."

"अगं पण काय टाकत होतीस?"

"तुझा डबा."

केतकीने कप गोळा केले आणि आत गेली. नीलेशचे कान लाल झाले, लहानपणी व्हायचे तसे. बाई आमच्या दोघांकडे बघत होत्या. मग तो इंग्रजीत बोलला. काय बोलला ते मला कळलं नाही. 'लंच' एवढा शब्द ओळखू आला, तो दोनदा आला. बाईंनी चष्मा काढला आणि हळूच काही विचारलं.

"रोज किती, म्हणतायत," नीलेश माझ्याकडे न बघता म्हणाला.

"मला काय विचारतोस? डबा तू आणत होतास. तूच सांग."

त्याने ती शून्यं वरून खालपर्यंत पाहिली. मग त्याने सांगितलं. चार बोटं दाखवली, मग हाताने वाटी केली. बाईंनी मृण्मयीचा एकही आकडा खोडला नाही. शेजारी पेन्सिलने लिहिलं. जाताना त्यांनी माझा हात धरला आणि काही म्हणाल्या. नीलेशने सांगितलं, "आता बाराही घरांना पुन्हा विचारून कचरा तोलावा लागेल, म्हणतायत. छापायला वेळ लागेल." दार लागल्यावर तो म्हणाला, "झालं समाधान? तिचं काम अडवलंस." त्याचं चुकलं होतं असंही मला म्हणता येत नाही. तिचा मुख्य मुद्दा मी मोडला, आणि तोही ती नसताना. ती असती तर रागावली असती, भांडली असती, मग स्टूल ओढून बसली असती आणि विचारलं असतं, "काकू, पण का?" हे विचारणारं आता कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलेश स्वयंपाकघरात आला. रागात नव्हता. म्हणाला, "आई, उद्यापासून डबा नको करूस. खरंच." मी म्हटलं, "बरं."

याला आता पंधरा दिवस झाले. तिची खोली रिकामीच आहे. मी तरी पाचला उठते, ओट्यापाशी जाते, परत येते, तिच्या खोलीचं दार उघडून पुन्हा लावते. बाई पुन्हा तोलायला येणार आहेत. त्यांना काय सापडेल ते मला आजच माहीत आहे. मृण्मयी, घर नंबर नऊमध्ये आता शिजवलेलं काही टाकलं जात नाही. तू लिहिलं होतंस तेच खरं झालं. मी चार पोळ्या कमी लाटते, एवढंच.