आत्याला 'नाही' म्हणणारी लोसेली

टोंगन लोकांची मोठी वस्ती असलेल्या मांगेरेच्या बसस्टॉपवर कुणालाही विचारा, लोसेली हे काय प्रकरण आहे ते तो सांगेल. बस चालवणारी बाई, पण आवाज असा, की शेवटच्या सीटवर कुणी पाय पसरले की ही पुढूनच ओरडायची, "काय हो, घरचा सोफा आहे का?" आणि पाय गुपचूप खाली यायचे. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, किरणांचे उपचार सुरू झाले, तरी ही काही मऊ पडली नाही. पहिल्याच दिवशी तिनं ब्रिजेट नर्सला बजावलं, "मशीन तुमचं, कातडी माझी. ती कशी सांभाळायची ते नीट सांग. एकदाच सांग, मी विसरत नाही."

ब्रिजेटनं सांगितलं. कोमट पाण्यानं धुवायचं, टॉवेलनं घासायचं नाही, नुसतं टिपायचं. कपडे सैल आणि सुती. वासाचं काही लावायचं नाही, उन्हात जायचं नाही. इथून दिलेलं साधं क्रीम लावायचं, तेही अलगद. चोळाचोळ तर अजिबात नको. कातडी फुटली तर ती भरेपर्यंत उपचार थांबवावे लागतील. या शेवटच्या वाक्याची लोसेलीनं मनाशी खूणगाठ बांधली. काही झालं तरी उपचार मध्येच थांबू द्यायचे नाहीत.

आणि काय जपली हो तिनं कातडी! तारेची ब्रा कपाटात गेली, नवऱ्याचे जुने सुती बनियन अंगावर आले. "बायको माझे बनियन घालते आणि मी उघडाबंब," असं तेविता चर्चभर सांगत सुटला. मोटारीचा पट्टा घासू नये म्हणून छातीशी छोटी उशी. स्तनाखाली घामाची ओल राहू नये म्हणून मऊ फडकं. तरी उपचार संपत आले तशी छाती काळपट-लाल झाली, आग व्हायला लागली. खाज सुटून हात तिकडं गेला की ती दुसऱ्या हातानं त्यावर फटका मारायची.

नेमकी तेव्हाच टोंगाहून कालो आत्या आली.

आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, म्हणे! टोंगातल्या आत्याला मिशा हव्यात कशाला? काका आणि बाबा दोघंही तिच्यापुढं मान खाली घालून असतात. लग्नातल्या केकचा वरचा थर तिचा, सगळ्यात चांगली चटई तिची. ती बसली असेल तर तिच्यापेक्षा उंच कुणी बसायचं नाही. आणि तिला 'नाही' म्हणायचं? तिचा शाप कोण ओढवून घेईल!

आत्यानं आणली होती तेलाची बाटली. स्वतः नारळ खवून, उन्हात ठेवून, सुगंधी फुलं घालून केलेलं तेल. लोसेली तान्ही असताना याच हातांनी, याच तेलानं तिला चोळलं होतं. ती पहिल्यांदा लोकांपुढं नाचली तेव्हा तिचे दंड याच तेलानं चमकत होते.

रविवारी चर्च झालं, जेवणं झाली. उकाडा मी म्हणत होता. आत्यानं पुरुषांना अंगणात पिटाळलं. आत सगळ्या बायका. आत्या आपल्या चटईवर, तिच्यामागं लोसेलीची मुलगी सेपिसी विणलेल्या पंख्यानं तिला वारा घालत होती, रीतीप्रमाणं. आत्यानं बाटली उघडली, तळवे तेलानं माखले.

"ये गं, उघड छाती. असं चोळते, की दुखणं वाट न विचारता पळेल."

"नाही, आत्या."

सेपिसीचा पंखा थांबला. भावजय लावीनिया पुटपुटली, "लोसे, डोकं फिरलं का? माफी माग आधी."

लोसेलीच्या तोंडून तो बसमधला आवाज काही निघेना. ती हळूच म्हणाली, "शाप द्यायचा तर द्या, आत्या. वाकून घेईन. पण चोळू देणार नाही. कातडी फुटली तर उपचार थांबतील, आणि मला जगायचंय. तेल मला नको असं नाही हो, त्या वासानंच रडू येतंय मला." आणि ती खरंच रडायला लागली.

आत्यानं तेलाचे हात मागं घेतले. मग म्हणाली, "दाखव तरी."

लोसेलीनं बनियन वर केलं. आत्यानं वाकून पाहिलं. कातडी भाजल्यासारखी काळवंडली होती, पण चीर कुठंही नव्हती. आत्यानं तेलाचे हात आपल्याच झग्याला पुसले.

"कशानं बरं वाटतं?"

"वारा लागला की."

"मग वर बस. सोफ्यावर."

"तुमच्यापेक्षा उंच?"

"आज एकदा 'नाही' म्हणालीस, तेवढं पुरे!"

लोसेली बसली. आत्यानं सेपिसीच्या हातून पंखा घेतला, चटई सोडली आणि सोफ्यापाशी जमिनीवर बसून स्वतः वारा घालू लागली. खोलीत एकच धांदल उडाली. आत्या जमिनीवर, मग बाकीच्यांनी तिच्यापेक्षा खाली जायचं कुठं? कुणी पालथी पडली, कुणी कोपरावर कलंडली.

"आत्या, मी घालते ना," लावीनिया खालून कळवळली.

"पडून राहा! भावाची लेक आहे माझी. कुणावर गेलीय, दिसत नाही? हात वर कर गं लोसे, खालूनही वारा लागू दे."

त्यानंतर आत्या रोज दुपारी वारा घालायची. उपचार एकदाही थांबले नाहीत. शेवटच्या दिवशी ब्रिजेटनं कातडी पाहिली आणि विचारलं, "एवढी छान राखलीस! घरी काय काय केलंस?"

"तू सांगितलंस ते सगळं," लोसेली म्हणाली. मग तिला तिचा बसमधला आवाज सापडला. "आणि माझ्या आत्यानं मला वारा घातला! जमिनीवर बसून!"

"अरे वा," ब्रिजेट हसून म्हणाली आणि कागद आवरायला लागली. तिला बिचारीला काय कळणार? पण बाहेर फरशी पुसणारी टोंगन बाई जागच्या जागी थबकली. तिनं फडकं बादलीत टाकलं, दारातून लोसेलीकडं पाहिलं आणि लोसेली बाहेर पडेपर्यंत मान झुकवून उभी राहिली.