तेलाशिवाय दोन महिने

गेल्या वर्षी माझ्या रक्तातले ट्रायग्लिसराइड्स चारशे बारा निघाले. खोपटला दवाखाना असलेल्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहून तीन गोष्टी सांगितल्या : तळण कमी, गोड कमी, भात-मैदा कमी. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं आणि आकडा उतरला नाही तर गोळी सुरू. घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात तीनपैकी एकच गोष्ट शिल्लक होती. तेल.

तेलाचं एक बरं असतं, ते दिसतं. भाजीवर तवंग येतो, वर्तमानपत्रावर डाग पडतो. शत्रू असा ढळढळीत समोर असला की माणूस इतर बाबतींत फार खोलात जात नाही.

मी घरात तेलबंदी जाहीर केली. बायकोने ती शांतपणे ऐकली आणि स्वतःची कढई वेगळी काढली.

"तुमचं पथ्य तुमच्या ताटात," ती म्हणाली. "माझ्या आमटीला हात लावायचा नाही."

मग मी स्वतःच बिनतेलाची फोडणी करायला घेतली. कोरड्या कढईत मोहरी टाकली. ती तडतडली नाही, थेट उडाली. दोन दाणे चष्म्यावर, एक कानात.

"अहो, ही फोडणी आहे की गोळीबार?" बायकोने बाहेरून विचारलं.

मग मला उपास सुचले. उपासाला पोळी नाही, भाजी नाही, म्हणजे फोडणीचा प्रश्नच मिटला. सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय चतुर्थी आणि एकादशी. देवावर माझा विश्वास बेताचाच, पण त्याच्या वेळापत्रकावर पूर्ण होता. साबुदाण्याची खिचडी तुपाशिवाय शिजवली की तिचा गोळा होतो; तो सुरीने कापून खायचो. वर उकडलेलं रताळं, दोन केळी, खजूर, चार वाजता राजगिऱ्याचा लाडू आणि अशक्तपणा वाटू नये म्हणून दोनदा लिंबू सरबत. तेलाचा थेंब नाही. बायको कळव्याची, खाडीकाठच्या घरातली. माझे उपास वाढले तसे घरात मासे येणं बंद झालं, आणि ती माझ्या ताटाकडे बघायची ते आजाऱ्याकडे बघावं तसं.

"एवढं खाऊन उपास म्हणता," ती म्हणाली, "तर जेवता तेव्हा काय करता?"

व्रतस्थ माणसं वाद घालत नाहीत.

या काळात माझे गाल बसले. वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत गाल बसणं ही बातमी असते. चेअरमन सकाळी बागेत भेटले. ते साध्या गोष्टीसुद्धा ठराव वाचल्यासारख्या बोलतात.

"काका, चेहऱ्यावर तेज आलंय. तेल पूर्ण सोडलंत म्हणे?"

"थेंबही नाही."

"मग येत्या रविवारी ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर आपलं व्याख्यान. 'तेलाविना निरामय जीवन'. शाल आणि श्रीफळ."

मी नम्रपणे आढेवेढे घेतले, पण ते संपायच्या आत हो म्हणून टाकलं. आयुष्यभर शाली पांघरणाऱ्यांची टिंगल केली होती. स्वतःच्या खांद्याचं माप कोणी घेईल असं वाटलं नव्हतं.

शुक्रवारी रिपोर्ट आला. चारशे अडुसष्ट.

मी खोपटला धावलो. डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला, मग मला पाहिलं.

"तेल सोडलंत. त्याच्या जागी काय आणलंत?"

मी आठवड्याचा आहार सांगितला. राजगिऱ्याच्या लाडवापर्यंत आलो तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अहो, हे ट्रायग्लिसराइड्स फक्त खाल्लेल्या तेलातून येत नाहीत. साखर आणि पिठूळ पदार्थ जास्त झाले की तुमचं लिव्हर त्यांचीच चरबी करतं. तुम्ही त्याला दोन महिने कच्चा माल पुरवलात. शेंगदाण्याचं, करडईचं तेल बेतानं खा. साबुदाणा बंद, सरबत बंद. मासे खाता?"

"खायचो."

"बांगडा, तारली खा. आठवड्यातून दोनदा, तळून नाही, कालवण करा. त्यातलं तेल तुमच्या उपयोगाचं आहे."

"आणि गोळी?"

"आजपासून."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने पिशवी घेतली आणि बाजाराला निघाली. दारात मात्र थांबली.

"रविवारी काय बोलणार?"

तोच खरा प्रश्न होता. मी चेअरमनना गाठून व्याख्यान रद्द करा म्हणालो.

"अशक्य," ते म्हणाले. "फलक लागलाय."

फाटकावर खरंच फलक लागला होता. त्यावर माझा फोटो, मागे उगवता सूर्य. आता एकतर खोटं बोलायचं, नाहीतर ज्यांच्याबरोबर रोज सकाळी बागेत फिरतो त्यांच्यासमोर हसं करून घ्यायचं. खोटं बोललो असतो, पण रविवारी कट्ट्यावर बायको तिसऱ्या रांगेत बसली होती.

शाल खांद्यावर पडली आणि मी दोन्ही रिपोर्ट वाचून दाखवले. आधीचा, मग नंतरचा. तेल कसं सोडलं आणि त्याच्या जागी काय काय चेपलं, तेही सांगितलं. रताळ्यापाशी पहिल्या रांगेतल्या एका आजींनी मान खाली घातली. लोक हसतील या तयारीत मी होतो; कोणी हसलं नाही. चेअरमननी आभार मानताना "तेलाविना निरामय जीवन जगून दाखवणारे" हेच शब्द वाचले, कारण कागदावर तेच लिहिलेले होते.

मी पटकन सटकणार होतो, तर समोर रांग लागलेली. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर. माझी फजिती ऐकून त्यांचा माझ्यावर विश्वास बसला होता, तेज बघून बसला नव्हता तेवढा. पहिले गृहस्थ तळमजल्यावरचे. त्यांनी रिपोर्ट माझ्यासमोर उघडला.

"माझे तीनशे चाळीस आहेत. मी काय करू?"

"मला काय कळतं? डॉक्टरांकडे जा."

"जाऊन आलो. त्या म्हणतात, भात आणि गोड कमी करा."

"मग करा की."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो," ते म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.