महाराज खाली काऊन उतरवले?

जानेफळच्या उकंडरावांनी आयुष्यभर मेहकरपर्यंत काळीपिवळी जीप चालवली. रस्त्यात कोणी हात दाखवला की त्यांचा पाय आपसूक ब्रेकवर जायचा. या सवयीनंच पुढे त्यांना सिनेमात नाव मिळालं.

गावातल्या गोकुळनं मोबाइलवर पाठलागाचा विनोदी सिनेमा काढला होता. उकंडराव चोराला घेऊन पळतात, मागे पोलिसांची गाडी. ऐन पाठलागात, मेहकरला जायला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या अन्नपूर्णाबाईंनी हात दाखवला आणि उकंडरावांनी खरंच जीप थांबवली. "मेहकर, मेहकर!" असं ओरडलेही. मागे खोटे पोलीस वाट पाहत थांबले. लोक पोट धरून हसले.

दुसऱ्या भागात गोकुळनं तेच ठरवून करवलं. कोणी हसलं नाही. तिसऱ्यात भाड्याच्या मोठ्या गाड्या आणल्या. नुसती धूळ उडाली. म्हणून चौथ्यासाठी तो पेढे घेऊन आला, तेव्हा उकंडरावांनी पेढा आधी हुंगून पाहिला.

"काका, शेवट खदानीपाशी करू. बाकी काही नाही."

दगडाच्या त्या खोल खदानीपाशी काऊन? शूटिंगच्या सकाळी उकंडराव गोकुळच्या हातांवर नजर ठेवून राहिले. त्यानं स्टेपनी काढली. टेप काढला. मग काचेजवळचा गजानन महाराजांचा फोटो काढून रुमालात गुंडाळला.

"वजन कमी होते, काका. जीप पळाली पाहिजे."

"महाराजाचं वजन किती बे?"

गोकुळ दुसरीकडे पाहू लागला. उकंडरावांना आता सगळं उमगलं. जीप खदानीत ढकलायला हा तयार होता. महाराजांना ढकलायची मात्र त्याची छाती नव्हती.

त्यांनी फोटो परत जागेवर लावला आणि जीप सुरू केली. मागे पोलिसांची गाडी, तीत कॅमेरा धरून गोकुळ.

फाट्यावर डावीकडे खदान, उजवीकडे मेहकर. तिथं पिशवी घेऊन अन्नपूर्णाबाई उभ्या होत्या. त्यांनी हात दाखवला. जीप थांबली.

"मेहकर?"

"हाव. पण शूटिंग तर नाही ना? मांगच्या वेळेस नेलंच नाही मले!"

"आज खरंच नेतो. बसा."

जीप उजवीकडे वळली.

"काका, खदान डाव्या हाताले!" मागून गोकुळ ओरडत राहिला. पण उकंडराव हात दाखवेल त्याला घेत गेले. एका थांब्यावर गोकुळ कॅमेरा दुसऱ्याकडे देऊन धावत आला आणि जीपच्या मागच्या पायरीवर लटकला.

"काका, माझ्या सिनेमाचं वाटोळं करून राह्यले तुम्ही!"

"सरक ना बे," आतून अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "मेहकर आलं की उतर."

मागच्या गाडीतला कॅमेरा चालूच होता. हा चौथा भाग पाहून लोक पुन्हा पोट धरून हसले. सगळं आपणच ठरवलं होतं, असं आता गोकुळ गावभर सांगतो.

उकंडराव त्याला खोटं पाडत नाहीत. तो दारात दिसला की आधी जाऊन जीपमध्ये डोकावतात, महाराज जागेवर आहेत ना ते बघतात, आणि मगच त्याला बस म्हणतात.