आमसुलाची परीक्षा

बडा बाजारातल्या दगडाच्या दुकानात अलकनंदाबाईंनी डबीतून भिजवलेली आमसुलं काढून दोन पांढऱ्या तुकड्यांवर ठेवली. एक खरा संगमरवर, दुसरा हुबेहूब तसाच दिसणारा, कारखान्यात बनलेला क्वार्ट्झ. स्वयंपाकाच्या ओट्यासाठी नवरा, नानासाहेब, कालच संगमरवर पक्का करून आले होते, बायकोला न विचारता. आता ते दातओठ खात उभे होते. दुकानदाराला घाम फुटला होता. पंधरा मिनिटं आमसुलं तशीच राहिली.

मग बाईंनी फडक्यानं दोन्ही तुकडे पुसले. क्वार्ट्झ लख्ख. संगमरवरावर मात्र आंबटानं खाल्लेला निस्तेज, खरबरीत डाग.

"तरी मला खराच हवा," नानासाहेब गुरगुरले.

"घ्या की. पण ओटा रोज तुम्ही पुसायचा."

नानासाहेबांनी घसा खाकरला. "भैयाजी, वो नकलीवाला ही दे दो."