ओट्याची उंची
ओल्या सिमेंटचा वास आला की छत्रीबागेतलं आमचं घर आठवतं. बाबा गेल्यावर आईला मी माझ्याकडे आणलं आणि ते घर भाड्याने द्यायचं ठरवलं. ठेकेदार कशाला, मीच बघते, म्हणत मिस्त्री, प्लंबर सगळ्यांना ऑफिसातून फोनवरच कामं सांगायचे. ठेंगण्या आईसाठी बाबांनी मुद्दाम बसका करवलेला ओटा बघून मिस्त्रीने विचारलं, "दीदी, इसको ऊँचा कर दूँ? किराएदार को ठीक पड़ेगा." मी घाईत म्हटलं, "कर दो भिया." काम झाल्यावर आईला हौसेने दाखवायला नेलं. ओट्याशी उभी राहून तिने पोळी लाटल्यासारखे हात फिरवून पाहिले. कोपरं पार खांद्यापर्यंत वर येत होती. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मला आता इकडे परत नाही यायचं ना?" आता आई नाही. ओटा मात्र येणाऱ्या प्रत्येक भाडेकरणीला आवडतो.